१७० व्होल्टला तो टिकतो का?

हिरवी वायर काळ्या वायरला जोडली, पंखा फिरला, मल्टिमीटरवर पिवळ्याला १२ आणि लालला ५ दिसले, की ‘एसएमपीएस ओके आहे, बोर्डातच काहीतरी असणार’ असा निकाल आपल्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावर लागतो. या तपासणीतून एवढंच कळतं की एसएमपीएस मेलेला नाही. तो कामाचा आहे का, हे तिथे कुणी विचारलेलंच नसतं. दावणीला बैल धडधाकट दिसला म्हणून तो औत ओढेलच असं कुणी शेतकरी धरून चालत नाही. जुंपून पाहतो, मग पैसे मोजतो. आपण मात्र लोड न देता एसएमपीएस पास करतो आणि पंधरा दिवसांनी तेच मशीन ‘आपोआप रिस्टार्ट होतंय’ म्हणून परत आलं की रॅम बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, शेवटी बोर्डाला दोष देतो. धाराशिव जिल्ह्यात जुना एसएमपीएस तपासायचा तर तो पूर्ण लोडवर आणि इथल्या डिम लाइटवर तपासला पाहिजे, आणि बदलायचा तर वॅटचा छापील आकडा बाजूला ठेवून १२ व्होल्टचे अँपिअर मोजून निवडला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे जुनी मशीन भरपूर आहेत आणि ती एवढ्यात जाणारही नाहीत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यापासून तालुक्याच्या गावांतून संगणक केंद्रं निघाली. २०११ पासून ‘संग्राम’मुळे ग्रामपंचायतींत संगणक पोचले, पुढे त्यांची जागा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांनी घेतली. शाळांच्या लॅब आहेत, दस्तलेखकांची आणि झेरॉक्सवाल्यांची दुकानं आहेत, पुण्याकडून येणारी सेकंड हँड डेल-एचपी आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली तरी यातलं बरंचसं लिनक्सवर किंवा आहे तसंच चालत राहणार. प्रोसेसर आणि रॅम सहसा म्हातारे होत नाहीत. म्हातारा होतो तो एसएमपीएस, आणि त्याचं वय ठरवते ती इथली वीज आणि इथला उन्हाळा.

भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये लघुदाब पुरवठ्यातल्या चढउताराला सहा टक्क्यांची मर्यादा होती. २३० धरले तर साधारण २१६ ते २४४. डीपीजवळच्या घराला असे आकडे मिळतातही. पण रब्बीत पाळी सुरू झाली, एकाच डीपीवर मोटारी एकदम चालू झाल्या, की लाइनच्या शेवटच्या टोकाला ट्यूब लुकलुकते आणि पंख्याची पाती मोजता येतात. अशा वेळी प्लगमध्ये मीटर घातला तर १७०-१८० दिसणं ही आपल्या भागात बातमी नाही. ज्या एसएमपीएसच्या लेबलवर २०० ते २४० व्होल्ट छापलेलं आहे, तो अशा संध्याकाळी स्वतःच्या हद्दीबाहेर काम करत असतो. आणि आपण त्याला तपासलेलं असतं ते बाजारपेठेतल्या दुकानात, सकाळी अकरा वाजता, २३५ व्होल्टवर.

डिम लाइटने नेमकं काय बिघडतं ते समजून घ्यायला हवं, कारण मल्टिमीटरवर ते दिसत नाही. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये एसी थेट डीसी होते आणि दोन मोठ्या कपॅसिटरांवर साठते. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट, म्हणून तिथे ३२५ व्होल्ट डीसी असतात. वीज क्षणभर गेली तर मशीन या साठ्यावर तगतं. ३३० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये म्हणजे १६५ मायक्रोफॅरड. ३२५ वरून साधारण २०० व्होल्टपर्यंत उतरेस्तोवर सर्किट आउटपुट सांभाळतं असं धरू. तेवढ्यात वापरता येणारी ऊर्जा सुमारे ५.४ ज्यूल. मशीन त्या डीसीवरून १५० वॅट ओढत असेल तर ३६ मिलिसेकंद मिळतात. एटीएक्सच्या अपेक्षेनुसार किमान १६ मिलिसेकंद तग धरला पाहिजे, म्हणजे दुपटीहून जास्त शिल्लक. आता हाच हिशेब १७० व्होल्टवर करा. शिखर २४० व्होल्ट, वापरता येणारी ऊर्जा १.५ ज्यूलच्याही आत, वेळ १० मिलिसेकंदांपेक्षा कमी. एसी २६ टक्क्यांनी उतरली, पण तग धरण्याची ताकद पाऊणभर गेली, कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर चालते. त्यात दहा वर्षं उन्हाळे काढून कपॅसिटर निम्म्यावर आला असेल तर उरले ५. स्वस्त मालात ३३० च्या जागी २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात, तिथे सुरुवातच तोट्याची. हा हिशेब आदर्श आहे. १०० हर्ट्झच्या लहरीमुळे प्रत्यक्षातला आकडा याहून थोडा कमीच निघतो. आउटपुटला मात्र या सगळ्या वेळात १२ व्होल्ट व्यवस्थित दिसत असतात.

‘यूपीएस आहेच की’, हा पहिला आक्षेप. पण गल्लोगल्ली असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो, बऱ्याच मॉडेलांत दहापर्यंत. ५ मिलिसेकंद टिकणारा एसएमपीएस आणि ८ मिलिसेकंदांनी धावून येणारा यूपीएस यांच्या मधल्या फटीत मशीन रिस्टार्ट होतं, आणि ग्राहक यूपीएसची बॅटरी बदलून घेतो. बॅटरी बदलूनही तक्रार राहते तेव्हा खापर आपल्यावर फुटतं. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस डिम लाइटला थोडा उचलून देतो हे खरं, त्याने मदतही होते. पण तोही रिलेने टॅप बदलतो आणि प्रत्येक बदलाला पुरवठा क्षणभर तुटतो. संध्याकाळी व्होल्टेज वरखाली होत असलं की यूपीएसमधून ‘टक टक’ ऐकू येते. त्यातली प्रत्येक टक एसएमपीएसच्या साठ्यातून जाते.

म्हणून टेबलावर व्हेरिअ‍ॅक असला पाहिजे. ० ते २७० व्होल्टचा चार अँपिअरचा एक पुरतो. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार दुकानांत मिळून घ्यावा, तंत्रनिकेतन आणि आयटीआयच्या विद्युत प्रयोगशाळांत तो असतोच. फक्त लक्षात ठेवावं की व्हेरिअ‍ॅक म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर, तो मेनपासून अलग करत नाही, झटका तितकाच बसतो. संशयित नग पहिल्यांदा लावताना सिरीज बोर्डावरचा १०० वॅटचा बल्ब मध्ये ठेवावा. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर पुढे जावं. लख्ख पेटून राहिला तर प्रायमरी शॉर्ट आहे, तिथेच थांबावं. प्रत्यक्ष लोडची तपासणी मात्र सिरीज बल्ब काढूनच करायची.

लोडसाठी महागडं यंत्र लागत नाही. मोटारसायकलच्या आणि जीपच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब, १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा, तुळजापूर असो की परंडा, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्याच्या दोन्ही फिलामेंट एकत्र लावल्या की साडेनऊ अँपिअरच्या आसपास लोड पडतो. जुन्या ६५ वॅट प्रोसेसरच्या पूर्ण मशीनला १२ व्होल्टवर लागतं ते जवळपास एवढंच. योगायोगाने आपल्या हाताशी आलेलं हे चांगलं माप आहे. ५ व्होल्टच्या लाइनवर इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे चार बल्ब समांतर जोडावेत. ५ व्होल्टवर प्रत्येक जण साधारण एक अँपिअर ओढतो. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे बल्ब आधीच जोडून एसएमपीएस चालू केला तर प्रोटेक्शन लागून तो बंद पडेल, आणि चांगला नग नापास ठरेल. आधी ५ व्होल्टचे बल्ब, मग १२ ची एक फिलामेंट, ती तापली की दुसरी, असं चढवत न्यावं. साडेनऊ अँपिअर एकाच मोलेक्सच्या एका पिनेवर टाकू नये, चार पिनेच्या सीपीयू कनेक्टरच्या दोन्ही पिवळ्या वायरी वापराव्यात. दोन्ही लाइनवर एकदम लोड देण्यालाही कारण आहे. जुन्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ यांचं नियंत्रण एकाच फीडबॅकवर चालतं. फक्त १२ वर लोड टाकला की १२ खाली बसतो आणि ५ वर चढतो. फक्त ५ वर टाकला की उलटं होतं. नुसती हार्डडिस्क लावून तपासणारा म्हणूनच फसतो.

आता २३० वर, मग १८० वर, मग १७० वर आणून प्रत्येक टप्प्याला पाच-पाच मिनिटं थांबायचं आणि कनेक्टरच्या मागून मीटरची पिन घालून मोजायचं. १२ व्होल्टची मर्यादा पाच टक्के, म्हणजे ११.४० ते १२.६०; ५ ची ४.७५ ते ५.२५; ३.३ ची ३.१४ ते ३.४६. समजा रिकाम्या नगावर १२.१८ होते, २३० वर लोड दिल्यावर ११.७ झाले आणि १७० वर ११.२. हा नग शहरातल्या पक्क्या लाइनवर अजून दोन वर्षं काढेल, लोहाऱ्याच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेत मात्र काढणार नाही. निकाल नगाचा लावायचा तसा जागेचाही लावायचा. रिपल मोजायचं तर ऑसिलोस्कोप हवा: १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्ट ही हद्द, आणि प्रोबच्या टोकाशी १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावून मोजायचं. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नये, स्विचिंगच्या फ्रिक्वेन्सीला तो जवळजवळ बहिरा असतो.

हे सगळं करण्याआधी मोजायची एक वायर आहे, ती जांभळी. ५ व्होल्ट स्टँडबाय. कॅबिनेट बंद असलं तरी प्लग चालू आहे तोवर हा भाग जागा असतो. ऑफिस दिवसाला आठ तास चालतं, स्टँडबाय चोवीस. वर्षाचे ८,७६० तास. १०५ अंशांवर २,००० तासांचा म्हणून विकलेला कपॅसिटर दर दहा अंश थंड ठेवला की आयुष्य दुप्पट होतं, म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास. ऐकायला भरपूर वाटतात, पण चोवीस तासांच्या हिशेबाने पावणेचार वर्षांत संपतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर तापमान, पत्र्याची खोली आणि धुळीने भरलेली जाळी असेल तर ६५ अंश ही चैन आहे. जुन्या दोन-ट्रान्झिस्टरच्या स्टँडबाय सर्किटात तो एक छोटा कपॅसिटर वाळला की व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढतं, ५ चे ७-८ होतात आणि बोर्ड जातो. ज्या तक्रारीत ‘रात्री बंद केला, सकाळी बोर्डच डेड’ असं ऐकू येईल, तिथे नवा बोर्ड जुन्या एसएमपीएसला लावण्यापूर्वी जांभळी वायर मोजा. नाहीतर दुसरा बोर्डही जाईल.

आता किती मोठा घ्यायचा ते. इंटेलने एटीएक्स आणला १९९५ मध्ये, तेव्हा प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टवर जगत होता. २००० मध्ये पेंटियम-४ साठी १२ व्होल्टचा चार पिनेचा कनेक्टर आला, २००३ मध्ये चोवीस पिना आल्या आणि सगळा भार १२ कडे सरकला. बाजारातल्या स्वस्त नगांच्या लेबलवर मात्र अजून जुनीच वाटणी दिसते: ५ व्होल्टला ३० अँपिअर, ३.३ ला २८, १२ ला जेमतेम १४. वर ठळक ‘४५० वॅट’. यातले आपल्या कामाचे फक्त १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट, तेही खरे असतील तर. उलटा हिशेब करून पाहा. ६५ वॅटचा कोअर टू ड्युओ किंवा आय-३, बोर्डावरच्या रेग्युलेटरचा तोटा धरून ८० वॅट, म्हणजे पावणेसात अँपिअर. हार्डडिस्क फिरायला लागताना दोन अँपिअर. पंखे धरून नऊ-साडेनऊ. ५ आणि ३.३ वर मिळून तीसेक वॅट. सगळं एकदम शिखरावर गेलं तरी दीडशे वॅट. स्लॉटवरूनच ७५ वॅट घेणारं ग्राफिक्स कार्ड टाकलं तर आणखी सहा अँपिअर. म्हणजे १२ व्होल्टला खरोखर १८ अँपिअर देणारा नग आपल्याकडच्या दहातल्या नऊ मशीनना पुरून उरतो. कंपन्यांचा हिशेबही याच बाजूचा आहे: डेलने ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या छोट्या कॅबिनेटला २५५ वॅट दिले आणि मोठ्याला २९०, आणि त्यात ८४ वॅटचा आय-७ चालतो. अशा मशीनचा एसएमपीएस जुना म्हणून घाईने फेकू नये. त्याचे कनेक्टर वेगळे असतात, बाजारातला साधा नग थेट बसत नाही, आणि त्याच्या लेबलवरचे २५५ हे खरे २५५ असतात.

‘मग मोठाच घेतलेला बरा’, असं म्हणणाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. ५०० वॅटचा एसएमपीएस ५०० वॅट वीज खात नाही. मशीनला लागेल तेवढीच आणि थोडा तोटा, एवढंच तो घेतो. हे ग्राहकाला समजावून सांगायला हवं, कारण बिल वाढेल या भीतीने काही जण मुद्दाम लहान घेतात. चुकतं ते आकड्यासाठी पैसे मोजण्यात. सात-आठशे रुपयांचा ‘४५० वॅट’ आणि त्याच्या तिप्पट किमतीचा ३५० वॅट यांत १२ व्होल्टचे अँपिअर दुसऱ्याचे जास्त असतात, कपॅसिटर चांगले असतात, ८० प्लसचा शिक्का असेल तर कार्यक्षमताही मोजलेली असते. ‘जुना तपासत कोण बसतो, नवा सातशेत येतो’ या आक्षेपालाही हेच उत्तर. सातशेचा नवा नग त्याच बल्बांवर आणि त्याच १७० व्होल्टवर लावून पाहा. दहा वर्षं जुना पण चांगल्या बांधणीचा, पंखा आणि चार कपॅसिटर बदललेला नग बऱ्याचदा त्याला मागे टाकतो.

नवा घ्यायचाच तर आपल्या जिल्ह्यासाठी लेबलवर ‘१००-२४० व्होल्ट’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ हे शब्द शोधा. अशा नगात आत आलेली एसी आधी सुमारे ३८० ते ४०० व्होल्ट डीसीपर्यंत चढवली जाते, मग बाहेर १७० असोत की २४०. साठ्यातली ऊर्जा डिम लाइटने कमी होत नाही, वर केलेला सगळा तोट्याचा हिशेब इथे लागूच पडत नाही. याची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवू नये: स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नगांना चालत नाही, बॅटरीवर जाताच मशीन बंद होतं. म्हणून नग आणि यूपीएस यांची जोडी ग्राहकाच्या समोर, पूर्ण लोडवर, प्लग आठ-दहा वेळा काढून पाहावी. जोडी जमली नाही तर यूपीएसही बदलावा लागेल हे आधी सांगावं.

मागचं लाल बटण हा वेगळा धोका आहे. व्होल्टेज कमी येतं म्हणून ते ११५ वर सरकवणं म्हणजे दोन्ही कपॅसिटर दुप्पट करणाऱ्या सर्किटात टाकणं. १७० व्होल्टवर प्रत्येकावर २४० व्होल्ट बसतात, कपॅसिटर असतो २०० चा. तो फुटतो, आणि तोंड जवळ असेल तर डोळ्याला इजा होते. शाळेत मशीन देताना हे बटण २३० वर ठेवून गरम गोंदाने बुजवून टाका. न्यूट्रल तुटल्यावर २८० व्होल्ट आले तरी याच कपॅसिटरांवर ३९६ येतात, दोघांची मिळून हद्द ४००. वादळी पावसात एकाच गावातून तीन-चार नग एकदम येतात तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं, आणि त्यावर इलाज एसएमपीएसमध्ये नसून वायरमनकडे आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा: आतले दोन छोटे फिल्टर कपॅसिटर निम्मे व्होल्टेज पत्र्यावर आणून सोडतात. उन्हाळ्यात जमीन वाळली की आधी लागणारं अर्थिंगही लागेनासं होतं. नग उघडण्याआधी प्लग काढून पाच मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून शून्य बघूनच हात घाला.

शेवटचा आक्षेप पैशाचा: ग्राहक तपासणीचे पैसे देत नाही. तोंडी सांगितलेल्या तपासणीचे देत नाही, हे खरं. पण या सगळ्याला अर्धा तास लागतो आणि त्यातली पंधरा मिनिटं नुसती थांबण्याची आहेत. तपासणीनंतर एसएमपीएसच्या पत्र्यावर एक कागदी पट्टी चिकटवा आणि बॉलपेनने लिहा: तारीख, जांभळ्या वायरचे व्होल्ट, लोडवर १२ व्होल्ट २३० ला किती आणि १७० ला किती, यूपीएसच्या चाचणीत किती वेळा टिकला. मशीन पुन्हा आलं, तुमच्याकडे किंवा कळंबच्या दुसऱ्या कुणाकडे, की आधी पट्टी वाचायची आणि तेच आकडे परत काढायचे. ११.८ चे ११.५ झाले असतील तर पुढच्या रब्बीच्या आत नग बदलायचा, हे ग्राहकाला पट्टीवर बोट ठेवून दाखवता येतं. खाली पुढच्या तारखेसाठी एक ओळ कोरी ठेवा.